पुडीचा कागद

जोतीराम खबालेच्या पायातली चप्पल पहिल्यांदा गळली ती १९९४ च्या डिसेंबरात, ठाणे-बेलापूर रस्त्यावर. घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीतून तो सकाळी साडेसहाला सायकलवर निघाला आणि पावण्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उतरला, तेव्हा रखवालदार म्हणाला, "काय खबाले, एकच चप्पल? नवस बोललायस काय?"

जोतीरामने खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. पेडलच्या लोखंडी दात्यांनी तळवा खरचटला होता, दोन ठिकाणी रक्त आलं होतं. चारेक किलोमीटर तो तसाच पेडल मारत आला होता. चप्पल गेल्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. तळवा दुखत कसा नाही, याचं वाटलं.

फाटकाच्या आत नळावर त्याने पाय धुतला. शेजारी तोंड धुणारा देवजी पावणे गावचाच, आगरी, पंधरा वर्षांचा सोबती. तो म्हणाला, "पानी गार हाय ना रं आज?" जोतीराम हो म्हणाला. पाणी गार होतं ते त्याला हाताला कळत होतं. पायाला कळत नव्हतं.

त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. न सांगण्याची सवय त्याला त्याआधीच दोन-अडीच वर्षं लागली होती.

जोतीराम मूळचा कराडकडचा. सातवी झाल्यावर चुलत्याच्या मागे इकडे आला, दोन वर्षं दगडाच्या खाणीत काढली आणि मग पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत या कारखान्यात चिकटला. हा कारखाना औषधं बनवत नसे. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोळ्या-कॅप्सूल इथे चंदेरी पट्टीत बंद होत, पट्ट्या खोक्यात जात, खोक्यात माहितीपत्रकाची घडी जाई. माणसं सत्तर. जोतीराम पट्टीच्या यंत्रावर होता. दिवसाला लाखभर कॅप्सूल डोळ्यांसमोरून गेल्या की ते औषध राहत नाही, माल होतो. कामगार औषधांची नावं घेत नसत. हिरवी, दुरंगी, मोठी पांढरी असंच चाले. झिंकच्या कॅप्सूलला नारिंगी म्हणत.

ज्या पट्टीत एखादा खळगा रिकामा राही, किंवा छपाई तिरकी येई, ती लाल पिंपात टाकली जाई. दर शनिवारी त्या पट्ट्या फोडून आतला माल पाण्याच्या ड्रममध्ये विरघळवायचा, असा नियम होता. हे काम विश्वासाच्या माणसाचं, म्हणून व्यवस्थापक चंद्रशेखर साहेबांनी ते जोतीरामला दिलं होतं. एक्क्याण्णव साली रावसाहेब नावाच्या कामगाराच्या डब्यात फाटकावर दोन पट्ट्या सापडल्या होत्या. दुपारी त्याला काढलं, संध्याकाळी पोलीस खोलीवर गेले आणि महिन्याभरात तो बिऱ्हाड गुंडाळून गावी निघून गेला. कारखान्यात त्याचं नाव तेव्हापासून हळू आवाजात घेत.

जोतीरामचं सुरू झालं ते ब्याण्णवच्या उन्हाळ्यात. यंत्राच्या तापल्या पाट्याने त्याचा उजवा तळहात भाजला. जखम दीड महिना ओली राहिली. तपासणीच्या खोलीत एक नवा केमिस्ट होता, बडबड्या. तो म्हणाला, "मामा, जखम भरायला झिंक लागतं. दिवसभर भरता काय मग?" आणि टेबलावरचं माहितीपत्रक उचलून त्याने वरच्या दोन ओळी मराठीत वाचून दाखवल्या. जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी घ्यावं. धान्य, डाळी, दूध यांच्यासोबत घेतल्यास अंगाला कमी लागतं.

एवढंच वाचून त्याने कागद ठेवला. पुढच्या वर्षी तो नोकरी सोडून गेला.

त्या शनिवारी जोतीरामने ड्रममध्ये माल ओतण्याआधी एक मूठ बाजूला काढली. तिरक्या घडीमुळे बाद झालेलं एक माहितीपत्रक घेतलं, त्यात पुडी बांधली आणि ती करदोट्यात खोचली. फाटकावर खिसे आणि डबा बघत, कमरेला हात लावत नसत. जखम तीन आठवड्यांत भरली. ती एवीतेवी भरलीच असती का, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही.

फेकायचाच माल, पाण्यात जाण्यापेक्षा पोटात गेला तर कुणाचं काय जातं, असं तो मनाशी म्हणे. पण घरी बायकोला, पुतळाला, त्याने बजावून ठेवलं होतं की ही पुडी कुणाच्या नजरेला पडता कामा नये. शेजारणीच्या नाही, डॉक्टरच्या तर मुळीच नाही. पुतळाने स्वतः दोन सकाळी एकेक कॅप्सूल घेऊन पाहिली. दोन्ही वेळा पोटात ढवळून ओकारी झाली. ती म्हणाली, "मला न्हाई सोसत तुमचं अमृत. तुमी दोघं घ्या आन् पैलवान व्हा."

दोघं म्हणजे जोतीराम आणि मुलगी अक्षता. अक्षताचं दहावीचं वर्ष चौऱ्याण्णवच्या जूनपासून सुरू झालं, तसं जोतीराम तिला सकाळी उठल्याबरोबर एक आणि संध्याकाळी जेवणाआधी एक कॅप्सूल देऊ लागला. स्वतः तो आधी एक घेई, मग दोन, चौऱ्याण्णवच्या दिवाळीपर्यंत चार. भाकरीच्या आधी तासभर, न चुकता. केमिस्टने वाचलेल्या त्या दोन ओळी त्याने इतक्या काटेकोर पाळल्या की अंगाला लागायचं ते सगळं लागत होतं. माणसाला दिवसाला पंधरा मिलिग्रॅम झिंक पुरतं. एका नारिंगी कॅप्सूलमध्ये पन्नास असे.

चप्पल गळली त्या सुमारासच त्याला मोरीत दुसरी गोष्ट कळली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की जमीन कलायची. पहिल्या दिवशी तो भिंतीवर आदळला. बाहेरून पुतळा म्हणाली, "काय पडलं?"

"तांब्या."

त्यानंतर तो एका हाताने नळ धरून दुसऱ्या हाताने तोंड धुऊ लागला. डोळे उघडे असताना तो सरळ उभा राही. मिटले की पाय आपले राहत नसत. त्याच्या गावात एक म्हातारा असाच भिंत धरून चालता चालता एका वर्षात खाटेला लागला होता. तो म्हातारा जोतीरामला रोज सकाळी मोरीत आठवू लागला.

जानेवारीत काखेत गळू झालं आणि ताप आला. घणसोलीच्या डॉक्टरने जंतू मारायच्या कॅप्सूल दिल्या, दिवसातून दोन वेळा. जोतीराम त्या नारिंगीसोबत एका घोटात घेई. वेळ वाचे. पाच दिवसांत उतरायचा ताप दहा दिवस राहिला. डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या, औषध बदललं, सुया टोचल्या, तेव्हा गळू फुटलं. मग त्याने जोतीरामची खालची पापणी ओढून पाहिली. पापणी आतून कागदासारखी पांढरी होती.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. पुरुषाचं तेरा-चौदा असायला हवं. डॉक्टरने लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. जोतीराम त्याही सकाळी नारिंगीबरोबरच घेऊ लागला. महिन्याने पुन्हा तपासलं. सहा पूर्णांक एक.

"लोह घेताय ना?" डॉक्टरने विचारलं.

"एक दिस चुकवला न्हाई."

"मग हे खाली का येतंय?" डॉक्टर हे त्याला विचारत नव्हता, कागदाला विचारत होता. जोतीराम मात्र दवाखान्याच्या पायरीवर दहा मिनिटं बसून राहिला. सायकलवर बसायचं त्याचं धाडस होईना.

त्या रात्रीपासून त्याने नारिंगी चाराच्या सहा केल्या. जखम भरणारी गोष्ट रक्तही भरेल, असा त्याचा हिशोब. जसजशी भीती वाढली तसतशी पुडी जाड होत गेली.

पांढऱ्या पेशीही कमी निघाल्या, तेव्हा कामगार विम्याच्या दवाखान्याने त्याला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रक्ताच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉ. नंदिनी आठल्ये पन्नाशीच्या होत्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी त्याला उभं करून डोळे मिटायला सांगितलं. तो डगमगला तसं त्यांच्या मदतनिसाने त्याला धरलं. त्यांनी टाचणीने तळवे टोचून पाहिले. मग वही उघडली.

"दारू?"

"सणासुदीला बी न्हाई."

"क्षयाची औषधं कधी घेतली होती? घरात रंगकाम, बॅटऱ्या, शिसं वितळवायचं काही काम?"

"न्हाई."

"दुसऱ्या कुठल्या गोळ्या? डॉक्टरच्या, वैद्याच्या, ताकदीच्या, कुणीही दिलेल्या?"

जोतीरामला ठाऊक होतं की इथे जे लिहिलं जाईल ते विम्याच्या दाखल्यावर जाईल आणि दाखला चंद्रशेखर साहेबांच्या टेबलावर. त्याच्या डोळ्यांसमोर रावसाहेबाचा उघडलेला डबा आला.

"न्हाई म्याडम. लोहाच्या तेवढ्या."

कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज, रक्त जिथे तयार होतं तो गर, तपासायला काढला. आठ दिवसांनी डॉ. आठल्ये म्हणाल्या, "कॅन्सर दिसत नाही. पण हाडात रक्त नीट तयार होत नाहीये. असा मगज पुढे कॅन्सरकडे वळू शकतो. मला कारण सापडत नाही. घराण्यात काही आहे का ते बघू. बायकोला आणि मुलीला घेऊन या, त्यांचंही रक्त बघते."

बाकीचं जोतीरामच्या कानात शिरलं नाही. परतीच्या बसमध्ये त्याला एकच शब्द ऐकू येत होता. कारखान्यात त्याने रक्त कमी आहे एवढंच सांगितलं. देवजी म्हणाला, "बीट खा बीट. आनि तू गेलास तं नारिंगी मना नको भरायला लावू, सांगून ठेवतूं." सगळे हसले. जोतीरामही हसला. त्या शनिवारी त्याने पुडी नेहमीपेक्षा घट्ट बांधली.

पुतळाचं रक्त बारा पूर्णांक एक आलं. अक्षताचं नऊ पूर्णांक दोन, आणि पांढऱ्या पेशी वडिलांसारख्याच खाली.

डॉ. आठल्ये बापलेकीचे दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहत होत्या. तिघं समोर बसले होते. अक्षता मांडीवर भूगोलाचं पुस्तक घेऊन आली होती, परवावर तिचा पेपर होता. तिला महिनाभर जिना चढताना धाप लागत होती. अभ्यासाच्या जागरणाने, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"एका घरात दोघांना," डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताच्या नात्यातलं असेल तर वाईट. पण तसं नसेल तर प्रश्न वेगळा आहे. पुतळाबाई, ही दोघं असं काय खातात किंवा पितात, जे तुम्ही घेत नाही?"

पुतळाने नवऱ्याकडे पाहिलं. जोतीराम वजनकाट्याकडे पाहत होता.

"काय न्हाई," तो म्हणाला. "एकाच तव्यावरचं खातो."

"पुतळाबाई?"

"त्ये म्हनत्यात तसंच," पुतळा म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. हिची परीक्षा होऊ दे. शेवटचा पेपर झाला की सोमवारी घेऊन या. हिचाही मगज काढावा लागेल. आणि खबाले, तुम्हाला त्याच दिवशी दाखल करून घेते. पुढची औषधं जड आहेत, ती घरी देता येत नाहीत."

अक्षताने विचारलं, "दुखतं का खूप?"

"दुखतं," डॉक्टर म्हणाल्या. "पाच मिनिटं."

तिघं घरी आले. दुपारची वेळ होती. अक्षता माळ्यावर अभ्यासाला गेली. पुतळाने चहाचं आधण ठेवलं, साखर घालायची विसरली आणि तसाच पेला पुढे सरकवला.

"का बोलला न्हाई तुमी?"

"काय बोलायचं व्हतं?"

"ती बाई तोंडावर इचारत व्हती. दोघं घेता ते काय, म्हून. मी लहान हाय का न समजायला?"

"ताकदीची गोळी हाय ती. तिनं रक्त जातंय व्हय कुनाचं? आन् सांगितलं तर कागदावर येतंय. रावसाहेबाचं काय झालं ठावं हाय न्हवं?"

"रावसाहेबाच्या पोरीच्या हाडात सुई न्हवती घातली कुनी."

जोतीराम बेचव चहा पीत राहिला. पुतळा उठली. फळीवरच्या मोहरीच्या डब्यामागून तिने पुडी काढली, नारिंगी कॅप्सूल परातीत ओतल्या आणि सुरकुतलेला कागद मांडीवर हाताने सपाट केला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात इंग्रजी होतं.

"अक्षे," तिने वर तोंड करून हाक मारली. "खाली ये. हे काय लिवलंय ते वाच."

असे किती कागद या घरात आले असतील, याचा जोतीरामला अंदाज होता. दर शनिवारी एक. पुडी संपली की कागद चुलीत जाई. आणि घडीचं यंत्र येण्याआधी, कारखान्यातल्या पहिल्या दोन वर्षांत, असल्या कागदांच्या घड्या त्याने स्वतःच्या बोटांनी घातल्या होत्या, दिवसाला दोन हजार. वरची बाजू वर, बाकीची आत. हा कागद दिसावा कसा हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तो काय सांगतो ते त्याने त्या दोन ओळींपलीकडे कधी विचारलं नव्हतं.

अक्षता शब्दकोश घेऊन उतरली. पहिल्या दोन ओळी तिने भराभर वाचल्या, त्या जोतीरामला पाठ होत्या. मग ती घडीच्या आत जाणाऱ्या भागावर आली आणि वेग मंदावला.

"काही जंतुनाशक औषधांच्या बरोबर घेऊ नये. दोन तासांचं अंतर ठेवावं. नाहीतर ते औषध..." तिने शब्दकोशाचं पान उलटलं, "शोषलं जात नाही. म्हणजे अंगात जात नाही, आबा."

जोतीरामला दहा दिवस न उतरलेला ताप आठवला.

"लोह आणि हे एकाच वेळी घेतल्यास एकमेकांना अडवतात. मग इथे आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला एकाहून जास्त घेऊ नये. आणि प्रोलॉन्ग्ड. प्रोलॉन्ग्ड म्हणजे लांबलेलं. जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतल्यास शरीरातलं कॉपर कमी होतं. कॉपर म्हणजे तांबं." तिचं बोट पुढच्या शब्दावर थांबलं. तो तिने शोधला नाही. त्याच सकाळी पाहिलेल्या तिच्या स्वतःच्या रिपोर्टवर तो छापलेला होता. "अॅनिमिया," ती म्हणाली. "आणि पांढऱ्या पेशी कमी होणं."

परातीत पाच-पंचवीस कॅप्सूल पडल्या होत्या. जोतीरामने त्यांच्याकडे पाहिलं. आजवर तो रोगाला भीत होता. आता त्याला स्वतःच्या हाताची भीती वाटू लागली. त्याच हाताने तो पोरीला सकाळी उठवून, तिची भाकरी तासभर अडवून, ही गोष्ट तिच्या तोंडात घालत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने एकही कॅप्सूल घेतली नाही, दिलीही नाही. पण सोमवार यायला नऊ दिवस होते आणि त्या नऊ दिवसांत मनाने दुसरी वाट शोधली. गोळ्या बंद केल्या आहेत. गुपचूप राहिलं तर आपोआप बरं होईल. डॉक्टरला कळणार नाही, कारखान्याला कळणार नाही. सोमवारी जायचंच नाही. हा विचार त्याला रस्त्याने जाता-येता सुचे, आणि प्रत्येक वेळी पाठोपाठ दुसरा येई. कागदात लिहिलंय ते आपल्याला झालेलं नसलं तर? पोरीला खरोखरच तो दुसरा रोग असला आणि आपण तिला घरी बसवलं तर? एकदा या विचारात तो पावण्याच्या वळणावर सायकलवरून उतरला. पाय जमिनीला लागला हे कळलं नाही आणि तो सायकलसकट आडवा झाला. मागचा टेम्पो दोन हातांवर थांबला.

सोमवारी तो पुतळा आणि अक्षताला घेऊन डॉ. आठल्येंच्या समोर बसला आणि त्यांनी वही उघडण्याआधी कागद टेबलावर ठेवला. वर एक नारिंगी कॅप्सूल ठेवली.

"हे घेत व्हतो, म्याडम. पोरीला बी देत व्हतो."

डॉक्टरांनी कागद वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"दिवसाला किती?"

"सहा. आधी चार. त्याआधी कमी."

"किती महिने?"

"तीन वरसं होत आली."

"हिला?"

"दोन. जूनपासनं."

त्यांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढून पुसला. "तीन वेळा विचारलं मी तुम्हाला."

"हां जी."

"आज तुमच्या मुलीच्या हाडात विनाकारण सुई गेली असती. आणि तुम्हाला जी औषधं देणार होते, त्यांनी तुम्ही आणखी खाली गेला असता." एवढं बोलून त्या थांबल्या, पुन्हा बोलल्या त्या रोजच्या आवाजात. "झिंक फार झालं की आतड्याच्या अस्तरात एक पदार्थ तयार होतो. जेवणातून आलेलं तांबं तो तिथेच धरून ठेवतो. अस्तर दर काही दिवसांनी झडतं, तांबं त्याच्याबरोबर बाहेर. रक्तात पोचतच नाही. आणि तांब्याशिवाय हाडांना लोह वापरता येत नाही. तुम्ही लोह खात होतात, ते नुसतं पडून होतं. पायांच्या नसांनाही तेच तांबं लागतं, म्हणून तुमचे पाय बधिर झाले."

पुतळाने विचारलं, "गावाकडं तांब्याचा हंडा हाय. त्यातलं पानी दिलं तर?"

"आत दार बंद असताना बाहेर कितीही उभं केलं तरी काय उपयोग? आधी झिंक बंद. मग तांबं मी देते, मोजून. रक्तातलं तांबं बाहेरगावच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवते. बारा-पंधरा दिवस लागतील. तोवर सुया नकोत."

"त्येच असंल ना, म्याडम?" जोतीरामने विचारलं.

"असावं. खात्री कागद आल्यावर."

जोतीराम उठला, पुन्हा बसला. "हे दाखल्यावर जानार का?"

"जाणार. मी खोटं लिहीत नाही. झिंकचा अतिरेक, असं लिहीन. ते तुमच्या पोटात कसं आलं हे लिहिणं माझं काम नाही."

ते पंधरा दिवस त्याने दोन्हीकडून येणाऱ्या कागदांची वाट पाहत काढले. प्रयोगशाळेचा कागद आधी आला. त्याच्या रक्तात तांबं जवळजवळ नव्हतंच, अक्षताच्या रक्तात हवं त्याच्या निम्म्याहून कमी होतं. दोघांना रुग्णालयाच्या औषधालयात बनवलेलं निळसर पातळ औषध सुरू झालं. चवीला लोखंडी खिळा चोखावा तसं.

दाखला नंतर पोचला. चंद्रशेखर साहेबांनी त्याला काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. जोतीरामने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. विचारलं की सांगायचं. पुतळाने गावी जायची ट्रंकही मनातल्या मनात भरली होती.

साहेबांच्या हातात दाखला होता. तो त्यांनी एकदा वाचला, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा वाचला.

"खबाले, हे झिंक तुमच्या अंगात गेलं कसं?"

"साहेब, त्याचं असं झालं..."

साहेबांनी हात वर केला. "थांबा. मला माहीत आहे. पावडर उडते. हवा बाहेर टाकायचा पंखा मी गेल्या वर्षीच मागवला होता. वरून मंजुरी आली नाही." त्यांच्या कपाळावर घाम होता. "हे तुम्ही कुठे बोललात? युनियनमध्ये? कारखाना निरीक्षकाकडे?"

तेव्हा जोतीरामच्या लक्षात आलं की टेबलाच्या पलीकडचा माणूसही घाबरलेला आहे.

त्याने तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

"कुटं न्हाई, साहेब."

"बरं. उद्यापासून तुम्ही यंत्रावर नाही. खोक्यांच्या विभागात बसून काम. आणि महिनाभर भरपगारी रजा घ्या आधी." त्यांनी दाखला खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

पंखा आठ दिवसांत बसला. बाद मालाचं काम देवजीकडे गेलं. रजेवरून आल्यावर जोतीरामने त्याला नळापाशी गाठलं आणि आजूबाजूला पाहून म्हणाला, "देवजी, त्यातली एकबी तोंडात टाकू नको. पोराबाळांना देऊ नको."

देवजी तोंडावरचं पाणी निपटत म्हणाला, "मी कशाला टाकू? मी तं तीन वरसां बगत होतो, कवा धरतान तुला."

"तुला ठाऊक व्हतं?"

"सगल्यांना ठाऊक होता. करदोरा शनवारीच जाड कसा होतंय तुझा?" देवजी हसला नाही. "बोललो नाय. कोन बोलनार?"

अक्षता जुलैपर्यंत बरी झाली. रक्त अकरा पूर्णांक आठ. दहावीत त्रेसष्ट टक्के पडले, भूगोलात सगळ्यांत कमी. घरात कुठलंही औषध आलं, की ती आधी कागद उलगडून दोन्ही बाजू वाचते आणि मगच गोळी देते. डोकेदुखीच्या गोळीलाही वाचते, आणि तोवर जोतीराम पाण्याचा पेला हातात धरून उभा राहतो.

त्याचं स्वतःचं रक्त दिवाळीला बारावर आलं. डॉ. आठल्येंनी समाधानाने कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी टाचणी घेतली, तळवे टोचले आणि टाचणी खाली ठेवली.

"ह्ये कवा येनार?" त्याने विचारलं.

"रक्त परत येतं, खबाले. नसांचं मला सांगता येत नाही. वाढायचं थांबलंय एवढं नक्की."

आता त्याच्या चपलांना मागून पट्टा आहे. सायकल त्याने विकली, तो बसने जातो. खोक्यांच्या विभागात त्याच्या हातून रोज हजारो माहितीपत्रकं खोक्यांत जातात, वरची बाजू वर, बाकीची आत. सकाळी मोरीत तो तोंडाला साबण लावतो, डोळे मिटतो आणि रोज एकदा नळावरचा हात काढून बघतो. मनात आकडे मोजतो. बहुतेक दिवशी चारपर्यंत पोचतो. मग जमीन कलायला लागते आणि हात आपोआप नळ शोधतो.